आमची वाटचाल: तीन बिछाने, दोन सांगाडे

आमच्या गेममध्ये सुरुवातीला गोष्ट नव्हतीच. खणा, बांधा, अंधार पडला की लपा. चौघांच्या स्टुडिओला तेवढंच झेपत होतं. पण भरपूर खेळून झालं की लोक हमखास विचारायचे, "आमच्याआधी इथं कोण राहत होतं?"

मग आम्ही हौसेनं लिहायला बसलो. राजघराणी, लढाया, डायरीची ४० पानं. खेळाडूंनी ती भट्टीत घातली. आमच्या गेममध्ये कागद हे इंधन होतं, म्हणजे ही करणीही आमचीच. वाचणाऱ्यांचे हाल वेगळे: कुणाला सातवं पान आधी सापडे, कुणाला पहिलं सापडतच नसे.

खरी फजिती पुढेच झाली. आमचं जग दर वेळी नव्या सीडवरून, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या एका आकड्यावरून, तयार होतं. पानावर लिहिलेलं, 'उत्तरेच्या डोंगरात लपलोय', आणि खेळणाऱ्याच्या जगात उत्तरेला नुसता समुद्र! २००६ साली पहिल्यांदा आलेला 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा गेम खेळ सुरू होण्याआधीच जगाचा इतिहास घडवून ठेवतो. ते आमच्या आवाक्याबाहेरचं. आम्ही फक्त क्रम उलटा केला: आधी जमीन तयार होऊ द्यायची, डोंगर खरंच कुठे आलाय ते बघायचं, मग दिशा पानावर उमटवायची.

तरी लोकांच्या लक्षात राहिली ती एक खोली, जिच्यात एक अक्षरही लिहिलेलं नाही. खोल खणलं की विटांनी बुजवलेलं दार लागतं. विटा आतल्या बाजूनं रचलेल्या. आत तीन बिछाने, दोन सांगाडे. तिसरा कुठे गेला, यावर आमच्या चौघांतही दोन तट आहेत, आणि मी मुद्दाम निकाल देत नाही.

ही खोली आली तेव्हा जुने खेळाडू चिडले होते. जिथं पाऊल पडलंय तो भाग सेव्हमध्ये पक्का झालेला असतो. नवी खोली न पाहिलेल्या भागातच उगवते. कुणाच्या बांधलेल्या घराखाली ती घुसवण्यापेक्षा शिव्या परवडल्या.

पुढच्या अपडेटमध्ये कागद जळूच द्यायचा नाही, असं ठरत होतं. मीच नको म्हटलं. पानं आता ११ उरलीत. जाळायची तर जाळा.