भाऊबीजेच्या ताटाची डावी बाजू

भाऊबीजेला यंदा आमच्याकडे १३ पानं होती. दादा-वहिनी, धाकटा भाऊ आणि त्याचं कुटुंब, आई, भाचेमंडळी, आम्ही तिघं आणि दादाची ४ वर्षांची नात. ‘गोड काय करतेस?’ असे फोन आठवडाभर आधीच सुरू झाले होते. मी मात्र वहीत पहिल्यांदा लिहिलं मीठ, मग लिंबू, मग चटणी. आधी ताटाची डावी बाजू ठरवायची आणि मग उजवी, ही सवय मी गेल्या काही वर्षांत मुद्दाम लावून घेतली आहे.

भाऊबीज उजाडेपर्यंत माणसं फराळ खाऊन जडावलेली असतात. चकली, शेव, कडबोळी, चिवडा, लाडू. आपल्याकडे यायच्या आधीही कुणाच्या तरी घरी बशीभर फराळ झालेला असतो. अशा जिभेला आंबट, ओलं, कच्चं काहीतरी हवं असतं. श्रीखंड-पुरी, मसालेभात आणि बटाट्याची भाजी आमच्याकडे ठरलेलीच, त्यात कुणी बदल करू देत नाही. म्हणजे सुटका करायची ती डाव्या बाजूनेच.

माझा पहिला नियम असा की एका जेवणात बेसन एकदाच. सुरुवातीला सुरळीची वडी द्यायची ठरल्यावर भजी आणि कोथिंबीर वडी दोन्ही वगळली. आईला ते पटलं नाही. “अगं, सणाचं पान, आणि भजी नाहीत?” असं तिने फोनवर दोनदा विचारलं. पण भाऊबीजेला औक्षणातच पाऊण तास जातो. दोघं भाऊ, मग लेकीचे मामेभाऊ, मग फोटो. त्या वेळात गॅसशी कुणी उभं राहायचं? मला भावांना ओवाळताना स्वयंपाकघराकडे कान लावून बसायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. दादाच्या नातीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे गेल्या वर्षी कळलं. तेव्हा तिच्या ओठांवर आलेली सूज आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. आपल्या पुण्याच्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे कुठे असतं, ते काढायला बसल्यावरच समजतं. कोशिंबिरीत आहे, पंचामृतात आहे, मिरचीच्या ठेच्यात आहे, बटाट्याच्या भाजीतसुद्धा कुणी कुणी घालतं. तिच्यासाठी वेगळी वाटी काढायचा पर्याय होता. मला तो नको होता. पंगतीत ४ वर्षांच्या मुलीला ‘तू यातलं घेऊ नकोस’ असं दर पदार्थाला सांगायचं, हे सणाच्या दिवशी मला बघवलं नसतं. म्हणून अख्ख्या ताटातूनच दाणे बाद केले. पंचामृत सोडताना जीव हळहळला, ते आईच्या हाताचं आणि माझ्या फार आवडीचं.

नुसते दाणे न घालून भागत नाही. चिवड्याचे दाणे ज्या तेलात तळले होते, ते तेल पोह्याचे पापड तळायला वापरायचं नाही, हे वहीत लाल पेनने लिहिलं. ज्या भांड्यात वर्षभर कूट होतं, ते मिक्सरचं भांडं उचलून माळ्यावर ठेवलं आणि चटणीसाठी शेजारच्या काकूंकडून आणलेलं नवंकोरं भांडं वापरलं. घरात शेंगदाणा तेलाचा डबा होता, तो बाजूला ठेवून सूर्यफुलाचं आणलं. हे सगळं नातीच्या आईला सांगितलं तेव्हा ती फोनवर जरा वेळ काही बोललीच नाही.

चटणी आवळ्याची. दिवाळीच्या सुमाराला मंडईत नवे आवळे दिसायला लागतात. पाव किलो आवळे, मोठी जुडी कोथिंबीर, अर्धा ओला नारळ, आलं, मिरच्या, मीठ आणि चिमटीभर साखर. आवळे किसूनच वाटायचे, नाहीतर धागे दातात येतात. माझ्या मनात होतं की आईच्या पितळी वाट्या काढाव्यात, पण त्यांची कल्हई गेलेली. आंबट पदार्थ त्यात ठेवून चालत नाही, म्हणून मुकाट्याने स्टीलच्या काढल्या.

खरा वेळ गेला तो कोशिंबिरीत. खमंग काकडीत कूट फक्त चवीला नसतं, काकडीला सुटलेलं पाणी ते धरून ठेवतं. कूट काढलं की तेच पाणी ताटभर पळतं आणि पापड भिजवतं. डाळ्याचं कूट घालावं असं मनात आलं होतं, पण आम्ही जिथून डाळं आणतो त्या भट्टीवर दाणेही भाजतात, म्हणून तो विचार सोडला. शेवटी दीड किलो काकडी चोचवली. किसली तर तिचा लगदा होतो. हातात धरून सुरीने बारीक बारीक वार करत चोचवली की दाताखाली करकरीत राहते. प्रत्येक काकडीच्या टोकाचा तुकडा आधी चाखायचा, एक कडू निघाली तर सगळी परात गेली. चोचवलेली काकडी अर्धा तास चाळणीत निथळत ठेवली, हलक्या हाताने दाबली, वरून भरपूर ओलं खोबरं आणि लिंबू. तूप-जिऱ्याची, हिरव्या मिरचीची फोडणी दुपारीच घालून ठेवली. मीठ आणि साखर मात्र पानं मांडल्यावर.

सुरळीची वडी सकाळीच करून ठेवली. १ वाटी बेसन, १ वाटी आंबट ताक, २ वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ आणि आलं-मिरचीचं गाळलेलं पाणी. हा घाणा दोनदा केला. एकदम २ वाट्यांचा केला तर शेवटचं पसरेपर्यंत पातेल्यातलं घट्ट होऊन बसतं. मंद आचेवर हात न थांबवता ढवळायचं. मिश्रण चकाकायला लागलं की चमच्याचं टोक ताटाच्या पाठीवर फिरवायचं आणि अर्धं मिनिट थांबून नखाने कड उचलायची. पट्टी अखंड सुटली तर गॅस बंद. चिकटली तर अजून २ मिनिटं. लेक पहिल्यांदाच शेजारी उभी राहून हे बघत होती. तिसऱ्या खेपेला कड सुटली ती तिच्याच नखाने.

पानं भाच्यांनी वाढली. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. ४ लिंबांच्या १६ फोडी पुरून उरल्या. लोणचं गेल्या थंडीतलं लिंबाचं, चांगलं मुरलेलं. बरोबर मठ्ठा, त्यात आलं आणि मिरपूड सढळ हाताने.

नातीने कोशिंबीर तीनदा मागितली. पहिल्या वेळी तिच्या आईचा हात सवयीने मध्ये आला, मग तिने तो मागे घेतला आणि स्वतःच चमचा भरून वाढला. आई भज्यांबद्दल काही बोलली नाही. तिने चटणी पुन्हा घेतली आणि वर पाणी प्यायली. आवळ्यानंतर पाणी गोड लागतं, ते तिला फार आवडतं.

वहिनीला चटणी घरी न्यायची होती, पण वाटी केव्हाच पुसून झाली होती. उद्या मंडईत जाणारच आहे, तिच्यासाठी पाव किलो आवळे जास्त आणते.