पुस्तकं वाचायला आय-फाईव्ह प्रोसेसर कशाला पाहिजे भो

शहाद्याच्या मावसभावाने विचारलं, भाऊ, ईबुक वाचायला आठ जीबी रॅमवाला नवा लॅपटॉप घेऊ का. मी म्हटलं अरे गेम खेळणारेस का वाचणारेस? दुकानदाराला काय, तो विकायलाच बसलाय.

ईबुकची ईपब फाईल म्हणजे वेबपानं न् चित्रं एका झिपमध्ये बांधलेली, बस. तिला ताकद लागतच नाही. घरात जुना चार जीबीचा डबडा असेल तरी कॅलिबर (ईबुकं वाचायचं, सांभाळायचं सॉफ्टवेअर) आरामात चालतं, फक्त हजारभर पुस्तकं कोंबली की उघडायला जरा वेळ घेतं, तिथे रॅम वाढवण्याआधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका, फरक लगेच दिसतो.

अडतं ते दुसरीकडेच. २०२२ मध्ये कॅलिबर ६ आलं आणि ते ३२-बिट (जुन्या प्रकारच्या) विंडोजवर चालायचं बंद झालं, विंडोज ८ पण गेलं, कारण ते ज्या क्यूटी ६ नावाच्या सॉफ्टवेअर साच्यावर बनलंय त्यातच ह्यांचा सपोर्ट नाही. म्हणून आधी धिस पीसीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि सिस्टिम टाइपची ओळ नीट वाचा. खूपदा तिथे लिहिलेलं असतं ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर. म्हणजे मशीन चांगलंय, कोणीतरी विंडोजच चुकीचं टाकून दिलंय! तेवढ्यासाठी लॅपटॉप बदलायचा नसतो, ६४-बिट विंडोज १० टाकायचं, किंवा सरळ लिनक्स (विंडोज १० चा सपोर्ट तसाही ऑक्टोबर २०२५ ला संपला). एवढं पण नको असेल तर कॅलिबरचं ५.४४ व्हर्जन त्यांच्याच साईटवर पडलंय, ३२-बिटवर चालतं.

खरा घाम काढतात त्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. इंटरनेट आर्काइव्ह साईटवरची जुनी मराठी पुस्तकं बघा, प्रत्येक पान म्हणजे एक मोठा फोटो, पुढचं पान यायच्या आत आधी पांढरं दिसतं मग तुकड्यातुकड्याने अक्षरं येतात, न् आपल्याकडे मे महिन्यात पंखा गरम हवा फेकत असताना लॅपटॉपचा फॅन पण घों घों करायला लागतो. त्यासाठी सुमात्रा पीडीएफ हा रीडर घ्या, एकदम हलकं, विंडोज ७ वर पण चालतं, पोर्टेबल घेतलं तर इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, पेनड्राइव्हमधून सुरू.

भावाला सांगितलंय, आधी त्या सिस्टिम टाइपचा फोटो काढून व्हॉट्सॲप कर, मग पैशाचं बोलू.