कुंडीत कळलावी: माझा अनुभव

पावसाळ्यात करवंदीच्या जाळीवर चढलेली कळलावीची वेल दिसली की पाय आपोआप थांबायचे. ती आपल्या अंगणात हवी, हे फार दिवस मनात होतं. पण रानातून कंद उकरून आणायचा नाही, हेही ठरलेलं होतं. औषधासाठी तिचे कंद आणि बिया आधीच भरपूर ओरबाडल्या जातात. मग ओळखीतल्या एकांकडे जुनं कुंपण काढायचं निघालं, मुळांबरोबर कळलावीचे कंद वर आले आणि ते माझ्याकडे पोचले.

कंद दोन बोटं फाकवल्यासारखा, दोन फाट्यांचा असतो. डोळा असतो फाट्याच्या टोकाला आणि ते टोक फार नाजूक असतं. ते मोडलं की त्या फाट्याला कोंब फुटत नाही. म्हणून मी कंद कागदात गुंडाळून ठेवले आणि हातमोजे घालूनच हाताळले. मे महिन्याच्या अखेरीस पसरट कुंडीत माती, जाड वाळू आणि थोडं शेणखत कालवून कंद आडवे ठेवले, वर दोन-तीन इंच माती घातली. तळाशी खापरांचे तुकडे. पाणी तुंबलं तर कंद कुजतो, त्यामुळे निचऱ्यात तडजोड केली नाही.

पाऊस लागल्यावर कोंब वर आला आणि मग वेल झपाट्याने वाढली. तिची आधार धरायची पद्धत मी रोज जवळ जाऊन बघायचो. वेगळे तणावे नसतात, पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि काडीला वेढा घालतं. जाड बांबू त्याला पेलत नाही. म्हणून मी वाळक्या, बारीक फांद्यांचं काटेरी झुडूपच कुंडीत रोवलं. रानात ती तशाच झुडपांवर चढते.

फुलाचं तर किती सांगू! कळी हिरवी आणि खाली मान घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, कडा कुरळ्या. आधी हिरवट पिवळा रंग, मग टोकाकडून लाली उतरत जाते आणि शेवटी सगळं फूल लालभडक. एकाच वेलीवर या सगळ्या छटा एकदम दिसतात. पुंकेसर चहूकडे आडवे पसरतात आणि कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, बुडाशीच काटकोनात बाजूला वळतो. फुलपाखरं यायची, शिंजीर हा मध पिणारा चिमुकला पक्षीही यायचा.

पाऊस सरला की पानं पिवळी पडतात आणि वेल वाळून जाते. नव्याने लावणारे इथे हमखास घाबरतात आणि पाणी ओततात. ते अजिबात करू नका. कळलावी उन्हाळा सोसते ती जमिनीखाली झोपून. वाढीच्या काळात जुना कंद आटतो आणि त्याच्या जागी नवे कंद भरतात. नंतर त्यांना कोरडी माती लागते. मी वाळलेली वेल कापली, कुंडी पावसाचा थेंब पडणार नाही अशा आडोशाला सरकवली आणि मे संपेपर्यंत पाण्याचं नाव काढलं नाही. घरच्यांना ती रिकामी वाटू नये म्हणून वर पाटी लावली. पुढच्या पावसाळ्यात एका कोंबाच्या जागी दोन आले.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे. तिच्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि कंद तर रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत. घरात लहान मूल असेल किंवा कुंड्या उकरणारा कुत्रा असेल, तर ती लावू नका. माझी कुंडी उंच कठड्याच्या आत, हात पोचणार नाही अशी आहे आणि कंद काढायची वेळ आली की ते काम मी स्वतःच करतो.

यंदा शेंगा तडकल्यावर आतल्या नारिंगी-लाल बिया वेगळ्या कुंडीत पेरल्या आहेत. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर जास्तीचे कंद मागणाऱ्यांना देतो, विषाची सूचना चिठ्ठीवर लिहून.