हॉल एकवीस फुटी, टेप पाच मीटरचा

कोथरूडमधला रिसेलचा टू बीएचके. 1990च्या दशकातली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ओनर बंगळूरला, त्यामुळे फ्लॅट दीड महिना बंद होता. मी ब्रोकर. एकेका पार्टीसाठी किल्ली घेऊन जिने चढण्यापेक्षा मी एक रविवारच धरला. साडेदहा ते एक, दर अर्ध्या तासाला दोन पार्ट्या. नऊ जण येतो म्हणाले, आले सात. ही हजेरी चांगलीच म्हणायची.

बंद घर दाखवायचं तर खरं काम शनिवारी संध्याकाळी. दार उघडताच गटाराचा वास आला. बाथरूम आणि बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वास अडवणाऱ्या वाकातलं पाणी महिन्याभरात वाळतं, मग खालच्या पाइपातला वास आणि झुरळं सरळ वर येतात. प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन मग पाणी ओतलं, खिडक्या तासभर उघड्या ठेवल्या, वास गेला. त्याऐवजी उदबत्ती लावली असती, तर माणसं काय लपवलंय म्हणून आणखी हुंगत फिरली असती. नळ पाच मिनिटं वाहू दिले, कारण पहिलं पाणी गंजाचं, तांबडं येतं आणि लोक आल्या आल्या नळच सोडून बघतात. हॉलमधला एक दिवा पिवळा आणि एक पांढरा होता. दोन्ही सारखे केले, नाहीतर भिंतीचा रंग डागाळल्यासारखा दिसतो.

बाथरूमच्या छताला ओलीचा हातभर डाग होता. ओनर फोनवर म्हणाले, रंग मारून घ्या. मी नको म्हटलं. ओल मुरत असताना मारलेला रंग काही आठवड्यांत फुगतो, आणि एकाच कोपऱ्याला ताज्या रंगाचा वास आला की बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. डाग तसाच ठेवला आणि दुरुस्तीचं प्लंबरचं कोटेशन फाइलला लावलं. फाइलमध्ये इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि मेंटेनन्सची शेवटची पावती होती. हे सगळं दाखवायचं, पण टोकनच्या, म्हणजे बयाण्याच्या आधी कुणाला झेरॉक्स द्यायची नाही. ओनरची सही असलेले कागद चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही.

दाराशी दोन खुर्च्या आणि पाणी ठेवलं होतं. तीन मजले चढून आलेल्या माणसाला दम लागलेला असताना किचन दाखवलं, तर त्याला फक्त जिनेच आठवतात.

पहिल्या चार पार्ट्या ठरल्यासारख्या. वास्तू, पार्किंग, ‘सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार का’, संपलं.

साडेअकराच्या पार्टीत सत्तरीच्या आसपासचे एक काका होते. सोबत मुलगा आणि सून. काकांनी खिशातून पाच मीटरचा स्टीलचा टेप काढला. टेप लावून बघणारे बरेच येतात, पण हे जमिनीलगत न लावता स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या वर लावत होते. स्कर्टिंग दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच पुढे आलेलं असतं, म्हणून जाणकार तसंच मोजतो. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

हॉल 21 फूट लांब. पाच मीटरचा टेप सोळा फुटांच्या थोडा पुढे संपतो, म्हणजे माप दोन तुकड्यांत घ्यावं लागतं. काकांनी पहिला तुकडा बरोबर 15 फुटांवर थांबवला आणि वर बोट केलं. तिथे छताला आडवा बीम होता.

‘भिंत इथे होती. पुढचे सहा फूट टेरेस.’

ते बरोबर होतं. फाइलमधल्या नकाशात हॉल 4.57 गुणिले 3.05 मीटर, म्हणजे 15 बाय 10. पुढचं 6 बाय 10चं उघडं टेरेस कुणीतरी भराव घालून, स्लायडिंग लावून आत घेतलं होतं. नकाशा माझ्याच फाइलमध्ये होता आणि मी ओनरने सांगितलेल्या 640 चौरस फूट कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेच्या आकड्यावर, विश्वास ठेवून पार्ट्यांना द्यायचा माहितीचा कागद छापला होता. त्याचा ठपका माझ्यावरच.

काकांनी सगळ्या खोल्या मोजून बेरीज केली, 612. ‘कार्पेट म्हणता, निघतंय सतरंजीएवढं.’

640 आणि 612 मधले 28 फूट मी त्यांना समजावू शकलो. टेपने फक्त मोकळी फरशी मोजली जाते. 2016च्या रेरा, म्हणजे घरखरेदीच्या व्यवहारांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडं टेरेस धरत नाहीत. त्यामुळे मोजून आलेला आकडा थोडा कमी येणारच. पण टेरेसच्या 60 फुटांना उत्तर नव्हतं. ते वजा केले की कार्पेट उरतं 580. मागणी 95 लाख. 640ने भागलं तर फुटाला साधारण 14,850, 580ने भागलं तर 16,380.

बाजूला दुसरी पार्टी ऐकत उभी होती. मी कागदावरचा 640 पेनने खोडून ‘580, बंदिस्त टेरेस 60 वेगळं’ असं लिहिलं आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला तोच कागद दिला. दोन पार्ट्या तिथेच गळल्या. तरी हे रविवारी निघालं ते बरं. टोकन झाल्यावर बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात धरूनच येतो. तो वाढीव भाग धरत नाही, कर्ज कमी बसतं आणि महिनाभर अडकलेला व्यवहार मोडतो. शिवाय टेरेसचा स्लॅब बहुतेक चार-सहा इंच खाली असतो. त्यावर भराव घातला की वॉटरप्रूफिंग दबतं आणि खालच्या फ्लॅटचं छत गळायला लागतं. काकांनी तेही विचारलं. खालच्यांची तक्रार आहे का, हे मी सेक्रेटरींकडून लेखी घेऊन देईन म्हणालो.

ओनरना दुपारी फोन केला. आधी चिडले, मग म्हणाले की त्यांनी घेतलं तेव्हाच हॉल तसा होता.

काकांनी भाव बोलला नाही. बुधवारी रात्री आठला पुन्हा येतो म्हणाले, पार्किंग भरलेलं असताना. मी वॉचमनला गाडीचा नंबर देऊन ठेवला, गिझर बंद केला, ट्रॅपमध्ये परत पाणी ओतलं आणि लॅच लावलं.