शियोंच्या किल्ल्यावर बोटीने

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठचा शियोंचा किल्ला माँत्रो गावापासून इतका जवळ आहे की बसमध्ये नीट टेकेपर्यंत उतरायची वेळ होते. तरी आम्ही लोझानहून बोटीनेच गेलो, कारण हा किल्ला दुतोंडी आहे आणि त्याचं देखणं तोंड रस्त्यावरून दिसत नाही.

लोझान स्टेशनहून मेट्रोने खाली ऊशीच्या धक्क्यावर यायचं. स्विस ट्रॅव्हल पास नियमित बोटींना चालतो, किल्ल्याच्या प्रवेशालाही चालतो, त्यामुळे तिकिटांचा प्रश्न नव्हता. वेळापत्रक मात्र आदल्या रात्री नीट बघून ठेवलं होतं. प्रत्येक बोट शियोंपर्यंत जात नाही, आणि हिवाळ्यात तर फेऱ्या फारच कमी.

आमच्या वाट्याला १९१० सालची ‘ला स्विस’ आली. चाकांची आगबोट, अजून वाफेवर चालणारी. मधल्या भागात कठड्याला टेकून खाली चालू इंजिन बघता येतं. मंडळी डेकवर फोटो काढत होती तेव्हा मी बराच वेळ तिथेच होतो. जाताना डाव्या बाजूला बसावं. आधी लाव्होचे द्राक्षमळे, टप्प्याटप्प्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरलेले, मग व्हेव्हे, माँत्रो, आणि शेवटी किल्लाही त्याच बाजूला येतो.

पाण्यावरून तो राजवाडाच वाटतो. उंच भिंतीत कमानींच्या मोठाल्या खिडक्या, इथे तेव्हा सत्ता असलेल्या सावोय घराण्याच्या सरदारांची दालनं या बाजूला. धक्क्यावर उतरून चालत पुढच्या अंगाला गेलो की तटबंदी, बुरूज आणि अरुंद जंग्या! याचं कारण जागेतच आहे. डोंगर आणि तळं यांच्यामध्ये जेमतेम एक वाट मावते, आणि ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून इटलीला जाणारा माल याच वाटेने जायचा. सावोयवाले इथे बसून जकात घेत. धोका जमिनीकडून, म्हणून जंग्या तिकडे. १५३६ मध्ये बर्नच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा मात्र जिनिव्हाच्या नावा तळ्यातूनही आल्या होत्या.

आत खोल्यांना क्रमांक आहेत, त्या क्रमाने गेलं की चुकायला होत नाही. बालेकिल्ल्याचा जिना उभा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर तो सोडला तरी चालेल. तळघर, म्हणजे जुना कैदखाना, सोडू नये. खडकावरच उभारलेलं, पण वर चर्चसारख्या कमानी. कैदखान्याला एवढं सौंदर्य कशाला, असं वाटलं. मुळात ते बरंचसं कोठार म्हणून वापरात होतं. सावोयच्या विरोधात गेलेला जिनिव्हाचा फ्रांस्वा बोनिव्हार १५३० मध्ये पकडला गेला, कैदेतली चार वर्षं त्याने इथे साखळदंडात काढली आणि बर्नवाल्यांनी त्याला सोडवलं. १८१६ च्या जूनमध्ये इंग्रज कवी बायरन आणि शेली शिडाच्या नावेने तळ्याची फेरी करत इथे आले. बोनिव्हारवरची बायरनची कविता त्या भेटीतून आली. एका खांबावर बायरनचं नाव कोरलेलं आहे, काचेआड जपलेलं. एरवी गडावर नाव कोरणाऱ्याला आपण शिव्या घालतो, इथे त्याच्यापुढे रांग होती.

आत दोन तास सहज जातात. दोन बोटींमधलं अंतर तेवढं असेल याची खात्री नसते, म्हणून परतीला आम्ही बोटीच्या भानगडीत पडलो नाही. किल्ल्यासमोरूनच २०१ नंबरची बस माँत्रोला जाते, आणि तिथून लोझानला गाड्याच गाड्या.