मुंग्यांना साखर घालायचे पैसे

मे महिन्यात आम्हाला कॉल येतात ते वाळवीचे, झुरळांचे. मुंग्यांसाठी नागपुरात पेस्ट कंट्रोलवाल्याला कोण बोलावतं? खडूची रेघ ओढली की काम भागतं. म्हणून त्रिमूर्तीनगरातून फोन आला तेव्हा मी उद्यावर ढकलणार होतो. पण काकू म्हणाल्या, "भाऊ, आमच्या मामंजींच्या पट्टीत मुंग्या शिरून राहिल्या."

मामंजींना शुगर, पायाला जखम, पलंगावरून उठणं नाही. भिंतीवरून पलंगाच्या कडेनं एक पिवळसर धार थेट पट्टीपर्यंत गेलेली. मुंगी जेमतेम दोन मिलिमीटरची. भिंगाखाली धरली: मधाचा रंग, पोटाचं टोक काळपट, कमरेला दोन गाठी. फॅरो मुंगी. डोकं काळं नि पोट फिकट असतं तर भूतमुंगी म्हटलं असतं. मुंगळा तर शेंबडं पोरही ओळखतं. ही फॅरो दवाखान्यांत फार बदनाम आहे. जखमेच्या ओलाव्याकडे जाते आणि अंगावर जंतू वाहून नेते.

आधी डॉक्टरांना फोन करून पट्टी बदलायला लावली. पलंग भिंतीपासून ओढला, पलंगाचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले, लोंबती चादर वर खोचली. मग औषधाचं बोलणं.

"मी स्प्रे मारला ना, तरी वाढूनच राहिल्या," मुलगा म्हणाला. तरी नाही, त्यामुळेच. या मुंगीच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. स्प्रेचा त्रास झाला की कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलून, एखादी राणी सोबत घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात. एका घरट्याची चार होतात.

पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर मध आणि पीनट बटर ठेवून मी धारेमागे लागलो. ती कूलरशेजारच्या स्विचबोर्डात शिरत होती. आत तारांची ऊब, बाहेर कूलरचा ओलावा. बाहेर पंचेचाळीस अंश असताना यापेक्षा चांगली जागा कुठली? मेन बंद करून बोर्ड उघडला तर आत अळ्यांचा पांढरा पुंजका.

मधावर जास्त गर्दी होती, म्हणून साखरपाणी केलं. शंभर मिलिलिटरला एक ग्रॅम बोरिक ॲसिड, बस. मुलगा म्हणे, जास्त टाका, लवकर मरतील. वाटेतच मेल्या तर काय उपयोग? घरट्यात तोंडातोंडी भरवत ते राणीपर्यंत पोचायला हवं. कापसाचे बोळे भिजवून पेशंटच्या खोलीबाहेर, धारेच्या वाटेवर ठेवले.

काकू बघतच राहिल्या. "म्हणजे मुंग्यांना साखर घालाचे पैसे घेता का जी?"

आजी पलीकडून म्हणाल्या, "घालू दे वं. पुण्य लागते."

मी बोळ्यांत काय आहे ते त्यांना सांगितलं नाही. मुलाला मात्र बजावलं: आता गर्दी वाढेल, हात लावायचा नाही, स्प्रे तर नाहीच, काही आठवडे जातील.

मग वरच्या मजल्यावर गेलो, कारण वायरिंगचा पाइप तिकडेच जात होता. दार किलकिलं करून वरचे शेजारी म्हणाले, "आमच्याकडे मुंग्या नाहीत." त्यांच्या चौकटीवर खडूची ताजी रेघ होती.