स्लिंगची पट्टी नेमकी कुठे बसलीय ते आधी सोनोग्राफीत बघितलं, मग ऑपरेशन : माझा अनुभव

शिंकलं, खोकलं, पाण्याची कळशी उचलली की लघवी सुटायची म्हणून २०१३ मध्ये माझं स्लिंगचं ऑपरेशन झालं. मूत्रमार्गाच्या खालून जाळीची एक अरुंद पट्टी टाकतात, पॉलिप्रॉपिलिनची. गळायचं थांबलं, पण लघवी मोकळी होईना. पुढे वाकून बसा, उठा, परत बसा, तरी थेंब थेंब, आणि सारखं इन्फेक्शन, अँटिबायोटिकचा कोर्स संपला की महिन्या-दोन महिन्यात परत तेच. उजव्या जांघेत एक ओढ असायची ती वेगळीच. फोंड्याहून पणजीला कदंबच्या बसनं जायचं असलं की सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, अशी वर्षं काढली मी.

पोटाची सोनोग्राफी कितीदा केली असेल, दरवेळी नॉर्मल. नॉर्मल म्हटलं की घरचेही म्हणणार मग दुखतंय कुठे. पण ती पट्टी एक्स-रेत दिसतच नाही, सीटी स्कॅनमध्ये आणि एमआरआयमध्येसुद्धा धड ओळखू येत नाही, आणि पोटावरून सोनोग्राफी केली तर प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचं ते यंत्र, तिच्यापासून लांब, वाटेत जघनाचं हाड, ओटीपोटाच्या खाली पुढे असतं ते. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी पणजीला एक युरोगायनॅकच्या, म्हणजे बायकांच्या लघवीच्या तक्रारी बघणाऱ्या, डॉक्टरीण मिळाल्या त्यांनी सांगितलं.

मी तर पट्टी काढून टाका एवढंच म्हणत गेले होते. त्यांनी पहिलं विचारलं, पट्टी कुठली टाकलीय? जुन्या कागदावर फक्त स्लिंग केली एवढंच, आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे फाइल काही मिळाली नाही. आता यात मुख्य दोन प्रकार असतात. १९९६ मध्ये स्वीडनहून आलेली टीव्हीटी, तिची दोन्ही टोकं जघनाच्या हाडाच्या मागून वर ओटीपोटाकडे जातात. आणि २००१ पासूनची टीओटी, तिची टोकं आडवी, हाडातल्या भोकातून दोन्ही जांघांकडे. म्हणजे टोकं शोधायची तर वर जायचं की बाजूला तेच माहीत नाही, आणि नुसत्या अंदाजावर कापायला त्या तयार नव्हत्या. मला हे फार पटलं.

म्हणून खालून सोनोग्राफी, ट्रान्सलेबियल म्हणतात तिला. आत काही घालत नाहीत, हे आधीच सांगते कारण बायका त्याच भीतीनं जात नाहीत. प्रोबवर जेल, वर ग्लव्हचं कव्हर, परत जेल आणि पाय दुमडून झोपायचं, प्रोब बाहेरूनच टेकवतात. थंड लागतं, दुखत नाही. आधी लघवीला जाऊन यायला लावलं आणि ब्लॅडरमध्ये किती उरली ते मोजलं, माझी बरीच उरत होती. मग खोका, मग शौचाला करतो तसा जोर लावा, मग आवळून धरा. मी लाजून जोर लावेना तेव्हा त्या कोकणीत म्हणाल्या, ‘भिवं नाका बाय’, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

तिथे दिसली ती. बाकी सगळं करडं आणि मूत्रमार्गाच्या काळ्या पट्ट्याखाली एक चकचकीत पांढरी रेघ. त्यांनी बोटानं दाखवलं, नीट बसलेली पट्टी मूत्रमार्गाच्या मध्याखाली असते, स्वस्थ असताना जवळजवळ सपाट आणि जोर लावला की वाकते. माझी काही न करताच वाकलेली, इंग्रजी सी सारखी, म्हणजे घट्ट ओढलेली. पट्टी आणि मूत्रमार्ग यांच्यात साधारण तीन ते पाच मिलिमीटर जागा लागते, माझ्यात तीनपेक्षा कमी. शिवाय मध्यावरून सरकून ब्लॅडरच्या तोंडाकडे गेलेली. मग थ्रीडी करून आडवा काप बघितला त्यात टोकं दोन्ही बाजूंना गेलेली दिसली, म्हणजे टीओटी, आणि उजवीकडे साडीचा फॉल उलटा शिवला जावा तशी दुमडलेली. माझी ओढ उजवीकडेच होती. मला रडू आलं, कारण इतकी वर्षं सांगत होते ते खरं होतं.

टोकं हाडापलीकडे जातात तिथलं मात्र सोनोग्राफीत दिसत नाही, हाडाची सावली पडते. आणि पट्टी मूत्रमार्गाच्या किंवा ब्लॅडरच्या आत घुसलीय का त्यासाठी दुर्बीण घालून बघावंच लागतं, सिस्टोस्कोपी. माझी झाली, आत काही नव्हतं.

त्यावरून बेत बदलला. पूर्ण पट्टी उपटून काढायची नाही, योनीमार्गातून जाऊन मूत्रमार्गाखालचा घट्ट भाग आणि उजवीकडची दुमड एवढंच काढायचं, जांघेतली टोकं राहू द्यायची, कारण तिथे खोल चिरत गेलं तर नस आणि रक्तस्रावाचा धोका. गळती परत येऊ शकते हेही त्यांनी आमच्या ह्यांना समोर बसवून सांगितलं आणि मगच सही घेतली. लेकीनं ब्रिटनमध्ये २०१८ च्या जुलैत या पट्ट्या वापरणं थांबवल्याचं वाचलं होतं, ती घाबरलेली. पण डॉक्टर म्हणाल्या सगळ्या बायकांना त्रास होतो असं नाही, ज्यांना होतो त्यांचा नीट शोध घेतला पाहिजे.

ऑपरेशनात पट्टी स्क्रीनवर दाखवली होती तिथेच सापडली, शोधत बसावं लागलं नाही. कॅथेटर काढल्यावर पहिल्यांदा सलग धार आली तेव्हा मी बाथरूममधूनच नर्सला हाक मारली. नंतर इन्फेक्शन झालेलं नाही. जांघेतली ओढ कमी झाली, गेली नाही. खोकताना थोडं गळतं परत, म्हणून फिजिओकडे ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम चालू आहेत.

तुमचं असं काही असेल तर ऑपरेशनच्या तारखेआधी विचारा की खालून सोनोग्राफी केलीय का, आणि फोटो-व्हिडिओ सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. माझी परत एकदा तीच सोनोग्राफी व्हायचीय, उरलेली टोकं कशी आहेत ते बघायला. गळती वाढलीच तर पोटाच्या स्नायूवरचं आपलंच आवरण घेऊन त्याची पट्टी करतात किंवा बर्चचं ऑपरेशन, म्हणजे टाके घालून ब्लॅडरचं तोंड वर धरून ठेवायचं, ते करतात, जाळी नको म्हणून मी आधीच सांगून ठेवलंय.